जिप्सीचं इंजिन आणि पराग

९ जानेवारी १९९६

परागने आज परत तेच केलं! फ्रीगंजच्या आमच्या गॅरेजमध्ये, गिऱ्हाईकांसमोर — "गेल्या वर्षी इंजिन बहिणीने बांधलं होतं ना, मग बसणारच!" सगळे हसले. बाबासुद्धा.

गेल्या वर्षीच्या कार-रॅलीत तेलाचा लाल दिवा लागला होता आणि हा शेवटच्या रेषेपर्यंत गाडी दामटत राहिला, हे कोण सांगणार? तेल नाही तर बेअरिंग टिकणार कसं? वितळून क्रँकला चिकटलं. रॉड तुटला, ब्लॉक फोडून बाहेर आला. आणि नाव माझं!

धाकटा भाऊ म्हणे. नसता तर काय बिघडलं असतं?

११ जानेवारी

बाबा म्हणाले, "जयू, फेब्रुवारीत मांडूच्या घाटात रॅली आहे. या वेळीही जिप्सीचं इंजिन तूच बांध, बेटा."

हो म्हटलं. परागसाठी नाही. त्याचं थोबाड बंद व्हावं म्हणून.

१७ जानेवारी

क्रँक ग्राइंड होऊन आला. तेलाच्या भोकांत काळी कचकच तशीच! ती राहिली असती तर नव्या बेअरिंगची चाळण झाली असती. दिवसभर रॉकेल आणि ब्रश. पराग दारात उभा राहून बघत होता.

"किती घासशील? घरची भांडी आहेत का?"

मान वर केली नाही. केली असती तर ब्रश त्याच्या तोंडात गेला असता.

२२ जानेवारी

बेअरिंग आणि क्रँकमध्ये तेलापुरती फट हवी. मेणाचा बारीक धागा ठेवून कॅप आवळली, परत उघडली, धागा किती चपटा झाला ते बघितलं. तिसऱ्या रॉडला फट जास्त! दुसरा सेट मागवावा लागणार.

पराग भडकला. "बाल की खाल काढतेस नुसती! टाइम खोटी करतेस!"

"मग तू बांध."

"बांधतोच!"

टॉर्क पाना उचलला. कोणता बोल्ट किती आवळायचा, पत्ता नाही. पाना आपटून गेला. मजा आली. खरंच.

३० जानेवारी

सेट आला. फट बरोबर. बसवला.

२ फेब्रुवारी

पराग टावर चौकातली मित्रमंडळी घेऊन आला — "चल, मार सेल्फ!" अजून तेल वर चढलेलं नाही! प्लग काढून नुसतं फिरवून तेलाचा दाब आणायचा होता आधी. इंजिन चालूच होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून पर्समध्ये टाकली आणि घरी आले. तो रस्ताभर मागे ओरडत. "पागल झालीयेस का? सगळ्यांसमोर माझी इज्जत काढलीस!"

हो. काढली.

४ फेब्रुवारी

आज रीतसर चालू केलं. आवाज गोड. आणि या गाढवाने थंड इंजिनलाच रेस दिली! हातातला पाना फेकला मी. लागला नाही. वाईट वाटलं — न लागल्याचं.

१० फेब्रुवारी

जेवताना सांगितलं, "दिवा लागला की तिथल्या तिथे बंद करायचं. पुढे असलास तरी."

"झालं तुझं लेक्चर?"

"ऐकलंस का?"

"नाही."

आई म्हणाली, "शत्रूसुद्धा असे जेवत नाहीत रे." पराग ताट तसंच टाकून उठला.

११ फेब्रुवारी

रॅलीतून बाहेर! सगळ्यांच्या पुढे होता म्हणे, शेवटच्या चढावर थांबला. जिप्सी दोरीने ओढून आणली. पराग उतरला आणि सरळ वर खोलीत गेला. काय झालं, मी विचारलं नाही. मारलंस ना परत इंजिन! आता चौकात जाऊन सांग, बहिणीने बांधलं होतं. उद्या उघडते. बेअरिंगचे तुकडे त्याच्या ताटात वाढणार आहे.

१२ फेब्रुवारी

सम्पला, इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला, दगडाने भोक पडलेलं. तेल सगळं घाटात वाहून गेलं. एकेक कॅप उघडली — बेअरिंगवर ओरखडासुद्धा नाही! म्हणजे दिवा लागल्याबरोबर त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. सगळ्यांच्या पुढे असताना. शेवटची रेष दिसत असताना.

वर खोलीत दार लावून बसलाय. हाक मारली. जाते वर.