हरेश्वरदादाच्या दस्त्यावरची फुले

मी, दशरथ सखाराम मेस्त्री, वय ६४, राहणार अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हात कापतो म्हणून अक्षर वाकडे आहे. त्यावरून कोणी तंटा करू नये.

१. भाड्याची खोली व आतील सामान मुलगी सौ. मीरा हिला द्यावे. तिची आई गेल्यापासून मुलुंडहून येऊन तीच माझे करते.

२. कोरणी, कानशी व अक्रोडाच्या दोन फळ्या धोंडिराम पांचाळ यास द्याव्यात. आम्ही दोघे एका दुकानासाठी बंदुकीचे दस्ते करत असू. पकड घसरू नये म्हणून दस्त्यावर शंकरपाळ्यांसारखी बारीक जाळी कोरतात. मी जाळी कमी करून फुले कोरू लागलो. धोंडिराम म्हणाला, "आधी हाताला टोचली पाहिजे रे, डोळ्यांचं नंतर." मी त्याच्याशी बोलणे टाकले. त्याचेच बरोबर होते.

३. गावचे घर व शेत यांतील माझा हिस्सा वहिनी वनमाला हरेश्वर मेस्त्री हिला द्यावा. त्याचे कारण मीराला आजवर सांगितलेले नाही, ते तिने इथे वाचावे.

१९७९ साली थोरला भाऊ हरेश्वर तडकलेला दस्ता घेऊन माझ्याकडे आला. भातात रानडुकरे शिरत, म्हणून त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती. म्हणाला, "फुलां नको रे. पावसात हात वले असतत, घट धरूक व्हयी."

मी म्हटले, "दादा, पंचक्रोशीत असा दस्ता कोणाकडे नसेल." जाळी हवी तिथेच मी फुले कोरली, वर पॉलिश चढवले. त्याने दस्ता एकदा मुठीत धरून पाहिला. धाकट्याने केले म्हणून घेऊन गेला.

आषाढात बांध ओलांडताना बंदूक त्याच्या मुठीतून निसटली, दगडावर आपटली आणि उडाली. वहिनी दहा पावलांवर होती. पोलिसांनी अपघात लिहिला.

तेराव्याला वहिनी एवढेच म्हणाली, "भावजी, फुलां बरी काढलात."

त्यानंतर माझ्या हातून सरळ रेघ निघाली नाही. माफी मागायला सात वर्षांत गावी गेलो नाही. धीर झाला नाही.

४. माझ्या मरणाची तार वहिनीला करू नये. तार वाचून ती आली तर तिला माझ्यासाठी रडावे लागेल, न आली तर गाव तिला बोलेल. क्रियाकर्म उरकल्यावर हिश्श्याचे कागद पोस्टाने पाठवावेत. सोबत चिठ्ठी नको.

वरील मजकूर वाचून पाहिला. खोडाखोड नाही.

दशरथ सखाराम मेस्त्री (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. चंद्रप्रकाश विठोबा राणे, शेजारी (सही)
२. नलिनी रामचंद्र तावडे, शिक्षिका (सही)

अंधेरी, दि. १४ नोव्हेंबर १९८६