गुटीतला मध

३ फेब्रुवारी, सोमवार

मैत्रीला आज चौथा दिवस, शी नाही. साडेतीन महिन्यांचं पोर! ऋचा आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तेजस सकाळीच बाहेर. गुटीत मुरडशेंगेचे दोन वेढे जास्त उगाळले.

सहाण बाहेर काढली की सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण बोलत नाही. काजळावरून एकदा बोलली होती, तर मी पिशवी भरून सरळ लोणीच्या माझ्या घरी जाऊन बसले. दोन दिवसांनी तीच न्यायला आली. तेव्हापासून हडपसरच्या या फ्लॅटमध्ये शांतता आहे.

गुटी आईच्या दुधात उगाळायची, हे मला कळतं. पण हिचं दूध फ्रीजमध्ये, पिशव्यांवर तारीख आणि वेळ घालून! चमचाभर मागायचं तर अर्ज करावा लागेल. म्हणून तीन आठवडे मधात उगाळतेय. लोणीच्या संपतभाऊने त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला दिलाय, शुद्ध. तेजसलाही मधच चाटवला होता. झाला की इंजिनियर.

५ फेब्रुवारी, बुधवार

काहीतरी बिनसलंय. रडणं ऐकूच येत नाही, नुसता बारीक आवाज. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. ऋचाने अंगावर घेतलं तर ओढत नाही, मान टाकते. मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. ऋचा म्हणाली, "आई, रिक्षा बोलावलीय. चला."

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. ताप? उलटी? पडली होती का? मध, गुटी, वरचं काही?

ऋचा माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही. मध वगैरे काहीच नाही."

किती खात्रीने! मी शेजारीच उभी होते. सुनेला परक्या बाईसमोर खोटं पाडायचं? आणि एवढ्याशा मधाने काय होतंय? गप्प बसले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जंतुसंसर्ग असेल म्हणून दोन अँटिबायोटिक सुरू केली होती. दुपारी श्वास घ्यायचं बळच गेलं. घशात नळी, शेजारी यंत्र. हातापायांत काही जीवच नाही. उचललेला हात सोडला की तसाच खाली पडतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं नव्हतं. मीच गेले. "तीन आठवडे. रोज. मधात." त्यांनी पेन खाली ठेवलं.

बोट्युलिझम म्हणतात. मधात कधी कधी त्या जंतूंचं बी असतं. मोठ्यांना काही होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतं, विष तयार करतं, स्नायू लुळे पडतात. फार क्वचित होतं म्हणे. शीचा नमुना तपासायला पाठवला.

मग म्हणाल्या, "कालच्या दोनांपैकी एक औषध यात द्यायचं नसतं. त्याने अशक्तपणा वाढतो. परवा कळलं असतं तर आम्ही ते दिलं नसतं." ओरडल्या नाहीत. ओरडायला हवं होतं.

चौतीस वर्षं शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं मी! तेजस म्हणाला, "आई, तू तिथेच उभी होतीस ना?" होते. ऋचा बाकावर बसून रडत होती. मला एक शब्दही बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तेजस म्हणाला, "मैत्री घरी आली की तू लोणीला राहा." बरोबर आहे त्याचं. 'मैत्री घरी आली की' म्हणाला, मी तेवढंच धरून बसलेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. तेच निघालं. त्या विषावरचं बाळांचं औषध इथे सहज मिळत नाही. अंगात बळ येईपर्यंत श्वास यंत्राचा, दूध नळीने. बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात, पण वेळ लागतो, असं तीनदा सांगितलं. मी चौथ्यांदा विचारलं.

घरी येऊन मध बेसिनमध्ये ओतला. बाटली घासली, पुसली. मग कशाला घासली असं वाटून कचऱ्यात टाकली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काही फरक नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही. ऋचा सकाळी, मी दुपारी, तेजस संध्याकाळी. दारात भेटतो, डबा हातात देतो, जातो. पाठ धरलीय. देवाकडे काय मागायचं तेही मागून संपलं. थकले मी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डावी पापणी उचलली! पूर्ण! माझ्याकडे बघितलं, मग मिटली. मी नर्सला हाताला धरून ओढतच आणलं.

६ मार्च, गुरुवार

नळी काढली. घोगरं, बेसूर रडली. सगळ्या वॉर्डाने ऐकलं.

१५ मार्च, शनिवार

मैत्री घरी. अजून मान पुरती धरत नाही, व्यायाम सांगितलेत. पण स्वतः ओढून दूध प्यायली. ऋचा पाठमोरी बसून पाजत होती, मी दारातूनच बघितलं.

माझी पिशवी भरून झाली. सहाण फडक्यात गुंडाळून तळाशी ठेवली. उद्या सकाळी लोणीची बस.

१६ मार्च, रविवार

तेजस दूध आणायला खाली गेला आणि ऋचा माझ्या खोलीत आली. म्हणाली, "आई, मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून. पापा घेतला की तिचे ओठ गोड लागायचे. बोलले असते तर तुम्ही परत निघून गेला असतात, आणि माझं ऑफिस चालू असताना तिला कोण बघणार होतं? डॉक्टरांनी विचारलं तेव्हासुद्धा मला माहीत होतं."

म्हटलं, तेजसला सांगू नकोस. एका घरात एक गुन्हेगार पुरे.

पिशवी उचलली तर हलकी लागली. सहाण तिने काढून घेतली होती.