आबांची खाट

३ नोव्हेंबर, सोमवार

आज परत आबांच्या थुंकीच्या डब्याला पाय लागला. राख, तंबाखू, सगळं माझ्या इतिहासाच्या वहीवर. वही फेकून दिली. आबा खाटेवरून ओरडतात — "काय व्हयनं?" त्यांना हळू बोलताच येत नाही. चाळीस वर्षं उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवले, त्या खडखडाटात कान गेले. आता पाणी मागितलं तरी अख्ख्या गल्लीला कळतं.

एक खोली, वर माळा, सात माणसं. खिडकी एकच आणि तिच्याखाली आबांची खाट. मला तेवढीच जागा हवी आहे. जानेवारीत परीक्षा, आणि मी मोरीच्या भिंतीला टेकून अभ्यास करते.

५ नोव्हेंबर

कवळी परत ग्लासात. माझ्या ग्लासात!

६ नोव्हेंबर, गुरुवार

मम्मी साड्यांवर टिकल्या लावायचं काम घरी आणते. सुईत दोरा आबा ओवून देतात. आधी तोंडात घालून चोखतात, मग ओवतात. ओला दोरा, तंबाखूचा वास. त्याच हातांनी मम्मी नंतर भाकरी थापते. मी आज नुसता भात खाल्ला.

घरात एक गंमत चालते. आबांना ऐकू येत नाही, म्हणून जो तो त्यांच्या तोंडावर वाट्टेल ते बोलतो. मम्मी ताट ठेवताना हसून म्हणते, "गिळा." गोपालकाका म्हणतो, "अजून शंभर वर्स जगा, आमले मारा." आज मीपण चहा देताना गोड हसून म्हटलं, "मरा की एकदाचे, खाट तरी मोकळी होईल." आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान डोलावून ओरडले, "हाव पोरी, हाव." धाकटी बहीण हसून हसून लोळली. मीही हसले.

९ नोव्हेंबर, रविवार

ठरलं एकदाचं. अठ्ठावीसला गोपालकाकाचं लग्न. नवी काकू आली की झोपणार कुठे? पप्पा जेवताना म्हणाले, आबांना गावी ठेवू. दोंडाईच्याजवळचं आमचं गाव — तिथे आमचं कुणीच नाही. एक पडवी उभी आहे. शेजारची इंदुबाई भाकर देईल म्हणे. आबांना सांगायचं नाही, सांगितलं तर ओरडून गल्ली गोळा करतील. "गावमा लगीन शे म्हनीसन लई जाऊ," पप्पा म्हणाले. पुढच्या रविवारी, सोळाला.

हे सगळं आबांच्या समोर! आबा भाकरी कुसकरत होते आणि जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला शिसारी आली. तरी खिडकीत पुस्तकं कशी लावायची ते मनात मांडून झालं होतं, हेही खरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दगाबाबा आले होते. आबांबरोबर लूमवर होते ते. मी कॉलेजातून येत होते. दगाबाबा गल्लीच्या त्या टोकाला रिक्षातून उतरत होते, आबा इकडे ओट्यावर. दोघांचे ओठ हलत होते, हात हलत होते. आवाज नाही. आबा हसत होते. आबा, आणि आवाज नाही!

पाणी देताना दगाबाबांना विचारलं. ते म्हणाले, "लूम चालू ऱ्हास तवय कोन्हले ऐकू येस, पोरी? तोंड देखीसन बोलानं. तुना आबा तर त्या टोकना मानूसनं बोलनं ओठ देखीसन वळखी ले. शेट मनातल्या मनात काय बडबडस, ते आम्हले तोच सांगे."

पुढे ते खोलीबद्दल सांगत होते. आमच्याच. इथे बारा जण राहायचे, सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे. एक उठला की दुसरा त्याच्याच गोधडीत शिरायचा. मग लग्न झाल्यावर आबांनी ती खोली विकत घेतली. पप्पा, काका दोघं इथेच जन्मले. पप्पांनी रिक्षा घेतली, काका हिरे घासायला गेला. लूमवर आबांनंतर घरातलं कुणी गेलंच नाही. मग आबा ओठ वाचतात हे कुणाला कळणार?

मला तो चहाचा कप दिसत होता. आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस ओढणी तोंडावर धरूनच बोलते. मम्मी विचारते, दात दुखतो का. आज थुंकीचा डबा मी घासला, नवी राख घातली. आबांनी बघितलं.

किती घाणेरडी माणसं आहोत आम्ही. मी सगळ्यात जास्त. घरात सांगून टाकावं का? सांगितलं तर आबा राहतील आणि खिडकी जाईल — हे मनात आलंच. थू माझ्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

पप्पा आबांच्या कानात ओरडले, "चाल आबा, लगीनले जावानं शे." आबा आधीच तयार होऊन बसले होते. पिशवीत गोधडी, कवळी, थुंकीचा डबासुद्धा. पप्पा चिडले. "दोन दिनकरता गोधडी कशाले?"

आबा माझ्याकडे वळले. ओठ हलले. आवाज नाही. तरी मला एकूण एक शब्द कळला.

"मरनू नही, पोरी. पन खाट मोकळी करी दिन्ही."

"काय म्हनी राह्यना?" पप्पांनी मला विचारलं.

मी ओढणी काढली. आबांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले.

"जात नाही म्हणतात. खोली माझी आहे म्हणतात."

आबांनी पिशवी खाली ठेवली.