दाराच्या फळीवरचा मुलूख

९ सप्टेंबर १९७६, गुरुवार

वाचनालयातून हाकललं. चिटणिसांचे शब्द गोड होते. "सर, तुम्ही समजदार माणूस. चार जण, मागची खोली, दार लोटलेलं, मधे नकाशा. आणीबाणी आहे. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?" खेळ आहे असं सांगा, म्हटलं. चिटणीस हसले. "एवढी मोठी माणसं खेळतात, हे कोण मानेल?"

देवमनने मांजरपाटाचा नकाशा गुंडाळला. तुरीचे आणि हरभऱ्याचे दाणे सतरंजीभर सांडले. तूर म्हणजे दौलतसिंग आणि खेमचंदची फौज. हरभरा माझा आणि देवमनचा. आमचा हरभरा मेडशीच्या घाटात पोचला होता. किती रविवार घालवले त्यासाठी!

१० सप्टेंबर

दौलतसिंग म्हणतो, सगळे दाणे डोक्यात आहेत, जागा मिळाली की जसेच्या तसे मांडीन. पलटणीत वाळूचे डोंगर आणि नद्या करून असंच पाठ करवून घेत. हा खेळही त्यानंच तिथून आणला. विश्वास ठेवतो. दुसरा उपाय नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

दिवसभर जागा पाहिल्या. उजेड हवा, चौघांना वाकून फिरता येईल एवढी मोकळी जमीन हवी, आणि आठवडाभर कुणी हात लावता कामा नये. एक डाव महिनोन्‌महिने चालतो. दर वेळी गुंडाळायचा तर तो खेळ नव्हे, सतरंजी झटकणं आहे.

शाळा नको. दौलतसिंगच्या शेतातल्या खोपटात उंदीर. मी देवमनच्या वस्तीतला विहार सुचवला.

देवमन वाटेतच थांबला. मग — "तिथं नको, सर. शिपाई आला तं एकट्या देवमनले नाई धरत. अख्ख्या वस्तीले धरते." थोडं चालल्यावर पुन्हा — "माझ्या पडताळणीचे कागद पोलिसात हायेत. इतके वर्सं हंगामी राह्यलो. आता कायम व्हाचं, नाई तं घरी बसाचं."

मोजणीच्या कचेरीत तो नकाशे उतरवतो. आमचाही त्यानंच काढला — नद्या, घाट, रेल्वे, प्रत्येक पूल. अक्षर तर छापल्यासारखं.

मग थांबू या, म्हटलं. तुझे कागद येईपर्यंत थांबू. मनापासून म्हटलं नाही, आणि त्याला ते ऐकू आलं.

"तुमी बलावलं तं मी येतो," म्हणाला.

हे त्यानं म्हणायला नको होतं. मला तेच हवं होतं. दिवसभर मी वर्गात नेमलेलं शिकवतो, नेमलेलं बोलतो. पेपरात वाचण्यासारखं काही नसतं. त्या कापडावर मात्र काही तरी ठरवावं लागतं आणि ते चुकू शकतं.

१४ सप्टेंबर

खेमचंदच्या कापडदुकानावर माडी आहे. रिकामी. पण आई — पानाबाई. जैनांचा चातुर्मास चालू आहे. आधी तिची परवानगी.

ती वर आली, भिंतीला टेकून बसली. "काय खेळता?"

"लढाई," दौलतसिंग म्हणाला. मी त्याला चिमटा काढायला हवा होता.

"माझ्या घरात?"

खेमचंदने बराच वेळ समजावलं. शेवटी म्हातारी म्हणाली, "मारला, कापला हे बोलायचं नाही. आम्ही भाजीसुद्धा कापत नाही, समारतो. समजलं का मास्तर?"

"मग फौज पडली तर काय म्हणायचं?"

"घरी गेली म्हणा. सगळ्यांना घर असतंच ना?"

"मायजी, आमच्या पलटणीत तुमी पाह्यजे होत्या," दौलतसिंग म्हणाला. "लय जण घरी गेले असते!" ती हसली. मग एकदम गंभीर. दाणे चालणार नाहीत. दाणा पडला की मुंगी येते, भुंगा येतो, मग केरसुणी फिरते. "चौमासात माझ्या हातून ते नको."

म्हणजे तूर गेली, हरभरा गेला. खेमचंदनं दुकानातून टाचण्यांच्या डब्या आणल्या. डोक्याला लाखेचा थेंब — त्यांची लाल, आमची काळी. पण टाचणी फरशीत रुतत नाही. खाली लाकूड हवं.

दौलतसिंगनं इकडेतिकडे पाहिलं आणि माडीचं दार बिजागरीतून उचकटलं.

१९ सप्टेंबर, रविवार

मांडलं! दोन बाकांवर दाराची फळी, तिच्यावर कापड ताणून खिळे ठोकले. पूर्वेची बाजू खिडकीकडे, म्हणजे दुपारनंतर सावली आपल्या हाताची पडत नाही. कवड्या टाकायला वेगळं ताट, नाहीतर उसळून टाचण्यांवर आदळतात. दौलतसिंगनं डोळे मिटून एकेक जागा सांगितली आणि देवमनने टाचणी रोवली. एकही चुकली नाही असं तो म्हणतो. मेडशीच्या घाटात माझी एक काळी कमी वाटते. भांडलो. तो जिंकला.

दाण्यांपेक्षा किती तरी बरं दिसतं. दुरून पाहिलं तर सगळा मुलूख जागा झाल्यासारखा. पुलांवर लाल, स्टेशनांवर लाल.

देवमनने हात मागे बांधून पाहिलं. "सर, हे आता खेळासारखं नाई दिसून राह्यलं."

"मग कसं दिसतं?"

"कचेरीतल्यासारखं. रंग नको होता."

"बिनरंगाचा नकाशा म्हणजे चादर," दौलतसिंग म्हणाला. "टाक कवड्या."

खेळलो. पानाबाईनं खालून लिंबाचं सरबत पाठवलं. दौलतसिंगच्या पाच फौजा घरी गेल्या. अंधार पडायच्या आत उठलो. असा दिवस वर्षात नाही.

२० सप्टेंबर

देवमनचं वाक्य डोक्यातून जात नाही. रविवारी टाचण्यांचं काही तरी करू.

२३ सप्टेंबर

मुख्याध्यापकांनी सगळ्या मास्तरांना बोलावलं. प्रत्येकानं नसबंदीच्या केसेस आणायच्या. "तुमचं गाव आसेगाव ना? तिथं ओळखी असतील." असतील. थोरला भाऊ ग्यानबा तिथंच आहे. दोन मुली, मुलगा नाही.

कुटुंबनियोजनाची जीप धनजला आली तेव्हा पुरुष ज्वारीत पळाले म्हणे. जे घरी सापडले त्यांना बसवून नेलं. चहाच्या हॉटेलात एकानं सांगितलं, बाकीच्यांनी चमच्यांकडे पाहिलं.

२६ सप्टेंबर, रविवार

सरळ लिहितो.

टाचण्या बदलायच्या होत्या. पण गेल्याबरोबर दौलतसिंगची चाल बाकी होती, मग माझी, मग राहिलंच. माझी फौज पुलावर होती. खाली दुकानात ठाण्याचा लखीराम जमादार धोतरजोडी घ्यायला आला होता. वर दौलतसिंग ओरडला, "रेल्वे तोडली! पूल गेला!"

जिन्यावर बूट वाजले. लोटायला दार नव्हतं. दारावर तर आम्ही खेळत होतो.

लखीराम उंबऱ्यात उभा राहिला. टाचण्यांकडे पाहिलं. मग आमच्याकडे, एकेकाकडे.

"काय करून राह्यले?"

"खेळ आहे, जमादार," खेमचंद म्हणाला.

"खेळ. हा पूल कायचा? हे स्टेशन कोणतं?" वाकून वाचलं. "अन् लाल कोन?"

"थे मी," दौलतसिंग म्हणाला. "पण मी हरून राह्यलो."

कुणी हसलं नाही.

"नकाशा कोनं काढला?"

मी काढला, असं म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण विचार आला — माझं अक्षर शाळेच्या फळ्यावर सगळ्या गावानं पाहिलं आहे, कोण मानेल? तेवढ्या वेळात देवमन म्हणाला, "म्या काढला."

"मोजणीतला ना तू? तुझे कागद माझ्याच टेबलावर हायेत."

फळी ठाण्यावर न्यायचा हुकूम. पुढे देवमन, मागे दौलतसिंग. भर बाजारातून दार चाललं, टाचण्यांसकट. दुकानदार ओट्यावर येऊन पाहत होते. मी मागून चाललो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, थांब असंही नाही.

संध्याकाळी दोघांना सोडलं. फळी ठेवून घेतली. पानाबाईनं खेमचंदला एकच विचारलं म्हणे — "दाणे नको म्हटले, ते माझं चुकलं का?"

२८ सप्टेंबर

कुठूनही काही नाही. देवमन कचेरीत जातो, येतो. रस्त्यात भेटला, मान हलवली.

२९ सप्टेंबर

दुर्गाबाई आली होती. देवमनची बायको. आत या म्हटलं, आली नाही. पायरीवरच उभी.

"सर, थे तुमच्या शब्दाभायेर नाई जात, तुमाले ठाऊक होतं."

"हो."

"मंग काहून बलावलं?"

ती वाट पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. पदर सारखा केला आणि गेली.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

देवमनला तहसील कचेरीत वरच्या साहेबांनी बोलावलं. मी समोरच्या हॉटेलात बसलो. चहा गार झाला. दुसरा मागवला, तोही गार झाला. हातात बेड्या असतील असं मनाशी धरून बसलो होतो.

एकटाच बाहेर आला. समोर बसला. माझा गार चहा पिऊन टाकला.

"खुर्ची दिली मले," म्हणाला.

"म्हणजे?"

"साहेबाच्या खुर्चीमागं टांगलं आपलं दार. 'इतका साफ नकाशा माझ्यापाशी नाई,' म्हने. 'खेळत होते का खरंच? खेळा, खेळा.' लखीरामले हसला. मंग मले म्हने, लाल टाचनी म्हंजे गावाचं टार्गेट बाकी. काळी म्हंजे पुरं झालं. रोज सकाळी तू बदलाच्या."

"नसबंदीचं?"

"दुसरं काय चालू हाय आता?"

"आणि कागद?"

"सुटले. कायम झालो, सर." बशी सरळ केली, पुन्हा वाकडी केली. "दुर्गीनं खीर केली असन आज. घरी जाले पाय नाई उचलत."

मी काय म्हणावं? अभिनंदन म्हटलं. त्या शब्दाची अजून शिसारी येते.

३ ऑक्टोबर, रविवार

सवयीनं माडीवर गेलो. बाकं मोकळी. देवमन आला नाही.

"नाई म्हनाचं होतं त्यानं," खेमचंद म्हणाला.

दौलतसिंग भडकला. "तू म्हनला असता? तुले दुकान हाय, मास्तरले शाळा हाय. त्याच्यापाशी काय हाय? त्याचं अक्षर!"

पानाबाई वर आली, आम्ही तिघं मोकळ्या बाकांभोवती उभे. "आज कुणी नाही का?" म्हणाली आणि परत गेली.

६ ऑक्टोबर

शाळेच्या कामानं साहेबांकडे जावं लागलं. खुर्चीमागे नकाशा. देवमनचं अक्षर, दौलतसिंगची लाख. साहेब बोलत होते, मी मान डोलावत होतो आणि वाचत होतो. धनज काळं. मेडशी लाल. आसेगाव लाल, आणि बाजूला आणखी एक लाल — निकडीचं असेल. ग्यानबाचं घर त्या टाचणीच्या डोक्याखाली.

देवमन कोपऱ्यात टेबलावर वाकून होता. वर पाहिलं नाही. मीच त्याला या नकाशापर्यंत आणला आणि मीच आता त्याच्याकडे असं पाहतो आहे.

८ ऑक्टोबर

मुख्याध्यापक — "तुमची एकही केस नाही!" नाही, म्हटलं. लेखी खुलासा मागितला. द्यायचा नाही.

९ ऑक्टोबर, शनिवार

देवमन सायकलवरून आला. उतरला नाही, एक पाय माझ्या पायरीवर टेकवला. "मंगळवारी आसेगाव. बुधवारी मेडशी. जीप पहाटेच निंगते. दौलतसिंगले सांगून आलो, तो मेडशीले सांगाले निंगाला." तुझी नोकरी, म्हटलं. "थे मी पाहीन. आता दर शनिवारी येत जाईन," म्हणाला आणि पायडल मारलं.

आसेगावची एस्टी उभी आहे. निघालो.