विहिरीतलं कासव

बाबा, आज सोसायटीतल्या एका शहाण्याशी भांडून आले. बागेतल्या तळ्यातलं कासव पोरांनी उताणं केलं होतं आणि हा त्यांना सांगतोय, "अरे, हेल्मेट आहे ते. त्याला काही लागत नाही." मी म्हटलं, "तुमच्या बरगड्यांवर काठी मारून बघू का?" घरी आले तरी संताप उतरेना, म्हणून तुला लिहायला बसले.

मी शाळेत असताना नव्या शहराच्या रस्त्यासाठी गावातली आपली विहीर बुजवायची होती, त्या दिवशी डंपर भराव घेऊन उभाच होता. तू आत उतरलास आणि इतकी वर्षं पाणी राखणारं ते म्हातारं कासव टोपलीतून वर आणलंस. गावाची रीत अशी की विहिरीचं कासव दुसऱ्या पाण्यात हाताने सोडायचं नाही. ते आपल्या पायांनी गेलं तरच तिथलं पाणी टिकतं. म्हणून गावच्या तळ्याच्या थोडं अलीकडे तू त्याला जमिनीवर ठेवलंस. सगळं गाव बांधावर जमलेलं.

ते जरासं चाललं असेल, तोच मजुरांच्या झोपड्यांकडून कुत्री धावत आली. त्याने मान आत घेतली, पाय आत घेतले, मागच्या पायांवरच्या कातडी झडपा मिटल्या. कुत्री त्याला उलटंपालटं करताहेत, पाठीवर दात खरखरताहेत. मी दगड उचलते तर तू माझं मनगट धरतोस. "दगड त्यालाच लागंल. हिरीत यायच्या आधी खाडीतल्या कोल्ह्यांना पुरून उरलंय ते. पाठ दगडाची हाय त्याची, काय लागत नाय." तेवढ्यात एक तांबडं कुत्रं कवचाच्या कडेला दात रोवतं आणि तिथून रक्त येतं.

"लागतं त्याला!" मी किंचाळले. "सिस्टरनी शिकवलंय, कवच म्हणजे त्याच्या बरगड्याच असतात. जिवंत हाड आहे ते, बाबा!"

"घ्या, कॉन्व्हेंटची बाय बोलली!" धाकटा काका हसला. "हात नको लावू, दादा. पानी जाईल!"

तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग सरळ कुत्र्यांत घुसलास आणि त्याला छातीशी उचललंस. तांबड्याने तुझ्या दंडाचा लचका घेतला, तरी तू हात सैल केला नाहीस. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तू त्याला सोडलंस. किती तरी वेळ पाणी नुसतंच हलत राहिलं. मग पार पलीकडे त्याचं टोकदार नाक वर आलं.

पुढे प्लॉट पाडायला तळंही बुजवलं. डंपर सगळ्यांनी पाहिले होते, तरी बोलणी तुलाच. "पोरीचं ऐकलं आनि तळं घालवलं."  मीच एकेकाच्या दारात जाऊन भांडत होते, आणि तू उत्तर देत नाहीस म्हणून तुझ्यावरही चिडत होते.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पुढचं तुझ्या तोंडावर मला सांगता आलं नसतं. ऑफिसात, सासरी, सोसायटीत मी आयुष्यभर तावातावाने बोलत आले. माझ्या एका वाक्यावर गावाची रीत मोडून पाण्यात उतरणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.