वाटीतला पांढरा गाळ

खांब, ता. रोहा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. हरेश,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला. आता खोडत नाही.

इकडे ठीक आहे. भात घरात आलं. वालापुरती ओल जमिनीत आहे. तुझी भाची मनाली शाळेत जाते. पत्र बघून हसशील. फोनवर तू, "ताई, कारखान्यात हाय, नंतर बोलतो," म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

ट्रॅक्टर बंद आहे.

श्रावणात तू तो जोह्याला नेलास, गणपतीच्या मूर्ती तुझ्या कारखान्यातून रस्त्यापर्यंत आणायला. चावी देताना ह्यांनी एकच गोष्ट सांगितली. तुमच्याकडे प्लास्टर उडतं. इंजिन हवा ओढतं ती आधी एअर क्लीनरच्या वाटीतल्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. म्हणून वाटी रोज उघडायची, घाण तेल टाकायचं, डिझेलने धुवायची, नवं तेल खुणेपर्यंत भरायचं. "खुणेच्या वर नाय," ते दोनदा म्हणाले.

तू म्हणालास, "दाजी, ट्रॅक्टर देताय की मुलगी?"

आम्ही हसलो. मीही.

गणपतीनंतर तू तो परत आणलास. ह्यांना ओट्यावरून उठू दिलं नाहीस. "बसा दाजी, आज मी करतो. कारखान्यातल्या पोरांनी वाटी धुतलीय, वरून तेल तेवढं टाकतो." आणि समई भरावी तशी काठोकाठ भरलीस. "कंजूषपणा नाय केला," म्हणालास. चहा घेतलास, गेलास.

मी म्हटलं, एकदा उघडून बघा. हे म्हणाले, "मेव्हण्याने भरलेला डबा उघडून बघतात का गो?" नंतरही उघडला नाही. तुझा मान राखला.

मग थेट दिवाळीनंतर, भाताचे भारे आणायला, ट्रॅक्टर सुरू केला. अंगणातच इंजिन पिसाळलं. पांढरा धूर, आणि असा आवाज की गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं. ह्यांनी बंद करायची दांडी ओढली. डिझेल तुटलं, इंजिन थांबेना. ते वाटीतलं, खुणेच्या वर भरलेलं तेल ओढून त्यावरच चालत होतं. हवा कोंडायला ह्यांनी पोतं घेऊन हवेच्या नळीच्या तोंडावर दाबलं. इंजिन थांबलं. पण त्याआधी पोत्याचं टोक इंजिनाच्या पंख्यात गेलं, आणि पोत्याबरोबर हात.

उजवा हात. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. वर लिहिलं होतं, इकडे ठीक आहे.

दवाखान्यातून येताना हे मला म्हणाले, "उरलेल्यांनी भात खाता येतो गो." तुझं नाव घेतलं नाही. आजही घेत नाहीत.

एवढंच असतं तर मी गप्प राहिले असते. चूक कोणाच्याही हातून होते. पण काल आईचा फोन आला. म्हणाली, "मालू, जावयाला सांग गो, सकाळची तरी पिऊ नको."

कोणी सांगितलं, विचारलं. "हरेश म्हणतो, घेतली असंल, त्याशिवाय पंख्यात हात कोण घालतो?"

हरेश, आमच्या लग्नात तुझ्याच मित्रांनी पुढे केलेला पेला ह्या माणसाने परत दिला होता. तेव्हा तूच त्यांना 'भटजी' म्हणून चिडवलंस. विसरलास?

काल फोन ठेवला आणि वाटी उघडली. वर उरलेलं तेल, काळं. खाली बोट घातलं, तर तळाला गाळ, पेराएवढा, कणकेसारखा घट्ट. पुसून बघितला. पांढरा. आमच्या शेतातली धूळ तांबडी असते, हरेश. वाटी कोणी धुतलीच नव्हती. तुमच्या गाळावर तू तेल ओतलंस, आणि तेच नंतर ह्यांच्या तोंडाला लावलंस.

मेकॅनिकला मी हात लावू दिलेला नाही. वाटी परत बसवून ठेवली आहे.

रविवारी ये. आईला घेऊन ये. ती ओट्यावर बसेल, हे तिच्याशेजारी बसतील. तू वाटी काढायचीस आणि तिच्यासमोर रिती करायचीस. पांढरं कुठून आलं ते तुझ्या तोंडाने तिला सांगायचं. मग धुवायची, तेल खुणेपर्यंत भरायचं. खूण आत आहे, बोटाने चाचपावी लागते. तुझी दहाही शाबूत आहेत.

आला नाहीस, तर वाटी घेऊन मीच एसटीने जोह्याला येईन, आणि कारखान्याच्या दारात, तुझ्या पोरांसमोर, आईच्या पुढ्यात ओतीन.

'तुझी ताई' हे रविवारनंतर लिहीन.

मालू
गुणाजीची बायको