दाराबाहेरच्या चपला

मुखेड, १० मार्च २०२५

ती. अप्पांना,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र.

नववीला जगातले धर्म शिकवायला शाळेत एक चष्मा आलाय. पेटीसारखा डोळ्यांवर चढवला की चौफेर जागाच उभी राहते. मान वर केली तर घुमट, मागं वळलं तर अंगण. शिल्पाला इस्तंबूलची मशीद दाखवणार होते. चष्मा हातात देताच ही मुलगी बाहेर जाऊन चपला काढून आली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाच्या चपला बाहेर. चर्चला, विहाराला, सगळीकडे अनवाणीच. गुरुद्वाऱ्याला तर सगळ्यांच्या डोक्यावर रुमाल. मी काही सांगितलं नव्हतं, अप्पा. अंगावर काटा आला.

त्या चपलांनीच घोळ केला. शाळा समितीच्या हणमंतरावांनी त्या पाहिल्या आणि त्यांना वाटलं, मॅडम वर्गात पूजा मांडून बसल्या. बावीस तारखेला येऊन बघणार आहेत. पटलं नाही तर चष्मा परत आणि हा तासही बंद.

सगळ्यांचं दाखवलं, आपलं लिंगायतांचं काय दाखवू? तुमची सकाळची लिंगपूजा मोबाइलवर घेऊ का?

कळवा, आणि रागावलात तरी थोडंच रागवा.

तुमची,
दीपमाला

---

औसा, १५ मार्च

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

मला ऐकू येतं, तूच हळू बोलतेस.

पूजा मोबाइलवर घेऊ देणार नाही. आपलं लिंग गळ्यात, कपड्याआड असतं, पूजेपुरतं डाव्या तळहातावर येतं. तुझ्या आईनंही माझं कधी न्याहाळलेलं नाही. लोकांना दाखवायची वस्तू नाही ती.

पण पोरांना सांग, आमच्या देवाकडे जायला कुठं जावं लागत नाही. चष्मा काढून ठेव. तळहात पुढं धरा म्हणावं आणि गप्प बघत बसा. हणमंतरावांनाही बसव. भिऊ नकोस.

आईचा आशीर्वाद, शेंगाचटणी एसटीनं पाठवतो.

तुझा अप्पा,
महादेवप्पा

---

मुखेड, २२ मार्च

ती. अप्पांना,
कृ. सा. न. वि. वि.

हणमंतराव कडक चेहऱ्यानं आले. शिल्पानं दारातच त्यांना सांगितलं, आजोबा, बूट भाईर काढा. मला घाम फुटला, पण त्यांनी काढले.

मग त्यांनी चष्मा चढवला. आत जेरुसलेमची भिंत होती. लोक भिंतीला कपाळ टेकवतात ते बघून तेही पुढं झाले आणि कपाळ फळ्यावर आपटलं. कुणी हसलं नाही. चष्मा काढून त्यांनी विचारलं, हे कुणाचं ठिकाण हाय? शिल्पा म्हणाली, यहुद्यांचं. ते कपाळ चोळत बाकावर बसले.

मग मी तुमचा धडा घेतला. चष्मा पेटीत ठेवला आणि सगळ्यांनी तळहात पुढं धरले. कधी गप्प न बसणारा हा वर्ग, त्यात बाहेरच्या एसटीचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता. घंटा झाली तरी एकही हात खाली गेला नाही. हणमंतरावांचाही. मला रडू आलं, अप्पा. एवढ्या मोठ्या मशिदी, चर्च पाहिली, पण इतकं मोठं काही पाहिलं नव्हतं.

निकाल काय, ते विचारायचा मला धीर होईना. पायरीवर बूट घालता घालता तेच म्हणाले, मॅडम, पोरांच्या चपला लई तापून राहिल्या उन्हात. सोमवारी सुतार पाठवतो, सावलीत एक फळी ठोकून घ्या.

तुमचा तो पूजेचा हात माझ्या डोक्यावर असू द्या.

तुमची,
दीपमाला